पावसाळी रविवार: वाई की नाशिक?

श्रावणातला एखादा रविवार मोकळा आहे, धबधब्यांच्या गर्दीत जायचं नाही, जुनं गाव आणि नदी बघायची आहे. असा बेत निघाला की मंडळी हटकून दोन नावांपाशी येऊन अडतात: कृष्णाकाठची वाई आणि गोदाकाठचं नाशिक. पुण्याहून वाई जवळ, नव्वदेक किलोमीटर. मुंबईहून नाशिक सोयीचं, कारण रेल्वे थेट जाते. पण निव्वळ अंतर बघून ठरवू नका. पावसात नदी घाटावर उतरू देणार का, आणि नाही दिलं तर उरलेला दिवस कुठे काढायचा, हे आधी बघायला हवं.

वाईत ही अडचण लगेच जाणवते, कारण तिथलं बहुतेक वैभव पाण्याला लागून आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ घाटावरच उभं आहे. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की लगेच गाडीकडे वळू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. तिथली भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. कृष्णा भरून वाहत असते तेव्हाच त्या बांधणीचं शहाणपण डोळ्यांना दिसतं. उन्हाळ्यात ती नुसती भिंत वाटते.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी कृष्णेत उतरणारा घाट, आणि घाटावर छोट्या देवळीत टांगलेली ती प्रचंड घंटा. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती लागलेली. जवळ जाऊन बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं दिसेल. रिमझिम पावसात, ओल्या काळ्या दगडांवर बसून समोरचं पाणी बघत राहावं अशी मेणवलीसारखी जागा मला दुसरी माहीत नाही.

मात्र रिमझिमच हवी. वाईत चार थेंब पडत असले तरी वर महाबळेश्वरात धो धो कोसळत असतो, आणि धोम धरणातून विसर्ग वाढवला की घाटाच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात. मग हाताशी काय उरतं? वाडा उघडा असेल तर वाडा, काशीविश्वेश्वराचं आवार, आणि गरम भजी. अर्ध्या दिवसाचा ऐवज.

नाशकातही गोदेचं तसंच. त्र्यंबकेश्वराकडे पावसाने जोर धरला, गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले, की रामकुंडाचा परिसर बुडतो. नारोशंकराच्या देवळाला पाणी लागतं. गंमत म्हणजे तिथली नावाजलेली घंटाही वसईचीच. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून नाशिककर पुराची कल्पना एकमेकांना देतात. हे दृश्य पुलावरून, लांबून बघण्यासारखं आहे. खाली उतरण्याचा हट्ट कुणीही करू नये.

फरक असा, की नाशकात घाट बंद झाला तरी दिवस वाया जात नाही. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. चोवीस लेणी, बहुतेक सगळी विहारं, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा, आणि डोक्यावर अख्खा डोंगर. तिसऱ्या लेण्यात व्हरांडा खांद्यावर पेलणारे यक्ष आहेत आणि गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगणारा. माझा जीव मात्र दहाव्या लेण्यात अडकतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली आहे: तीन हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमची ठेव म्हणून दिली. त्यातल्या दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना दर डोई बारा कार्षापणं चिवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी, मिळायची. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, म्हणून ही सोय. बाहेर पागोळ्या गळत असताना तो लेख समोर असणं, पोढ्यांमध्ये, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांमध्ये, पाणी साठताना बघणं, हे जानेवारीतल्या फेरीत मिळत नाही. जागाच मुळी पावसासाठी केलेली आहे.

चढ मात्र आहे. पायऱ्या ओल्या झाल्या की निसरतात, धड तळ असलेले बूट घाला. सोबत गुडघेदुखीचं कुणी असेल तर त्यांना लेण्यांऐवजी काळाराम मंदिरात न्या. सभोवतालच्या ओवऱ्यांमधून न भिजता निवांत हिंडता येतं, आणि २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह ज्या दारांपाशी सुरू झाला ती दारंही बघून होतात. जेवणाची काळजी नाही, मिसळ कुठेही मिळते.

तेव्हा आदल्या रात्री दोन्ही धरणांच्या विसर्गाच्या बातम्या बघा. धोम शांत असेल आणि आभाळ नुसतं भरून आलं असेल, तर वाई, तीही पहाटे निघून, मेणवली आधी आणि गाव नंतर. लहान मुलं असतील आणि घाटावर त्यांचा हात एकसारखा धरून ठेवणं जमणार नसेल, किंवा पाऊस लागूनच राहिला असेल, तर बिनदिक्कत नाशिक.