लक्सर, लडाख की घरची गच्ची? खग्रास बघायला जायचं तर कुठं

मावसभावाचा परवा फोन, दादा आयुष्यात एकदा खग्रास सूर्यग्रहण बघायचंच, तर 2027 ला इजिप्तला जाऊ, का 2034 ला लडाखला जाऊ, का उगी इथंच परभणीत गच्चीवर चष्मा लावून भागवू? त्याला जे सांगितलं तेच लिहायलोय.

गच्चीचं आधी उरकतो. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडं नुसतं खंडग्रास, दुपार कलल्यावर सूर्याच्या कडेला थोडासा चावा, तोही आभाळानं दाखवला तर. फुकट आहे, लेकरांना दाखवा, पण त्याला खग्रासची सर नाही. लोक म्हणतात 99 टक्के झाकला म्हणजे जवळजवळ खग्रासच की. नाही ना राव. सूर्य पुनवेच्या चंद्राच्या साधारण 4 लाख पट तेजस्वी, म्हणजे 1 टक्का उरला तरी 4 हजार चंद्रांचा उजेड उरतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो सूर्याभोवतीचा पांढरा कोरोना कसाबसा एका चंद्राएवढा, तो त्या उजेडात काय दिसणार. चंद्राची गडद सावली ज्या पट्ट्यातून जाते त्याच्या बाहेर थांबणं म्हणजे मांडवाच्या दारात उभं राहून न जेवता माघारी येणं.

आमचे देगलूरचे काका 16 फेब्रुवारी 1980 ला एसटी बदलत बदलत रायचूरला गेले होते, तिथं खग्रास होतं. हिऱ्याची अंगठी (सूर्य झाकताना कडेला चमकणारा शेवटचा ठिपका), दिवसा दिसलेला शुक्र हे सगळं ते सांगतातच, पण हसून सांगतात ते टपरीवाल्याचं, अंधार पडला म्हणून त्यानं कंदील काढला, काच पुसली, वात वर केली, काडी ओढली अन् तेवढ्यात उजाडलं. तीन मिनिटांच्या आतलाच खेळ सगळा.

माझं नशीब वेगळं. 22 जुलै 2009 ला आम्ही चौघं जीप करून रात्रभर इंदूरला गेलो, पहाटे सगळीकडं नुसते ढग, सव्वासहानंतर एकदम काळंकुट्ट झालं, कुत्री भुंकली, मागून कुणीतरी "दे दान सुटे गिऱ्हाण" ओरडलं, मग परत उजेड, संपलं. कोरोना नाही, अंगठी नाही, काहीच नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, किती मिनिटं मिळतील ते नंतर बघा, आधी तिथलं आभाळ बघा. (पाऊस लांबला की ऑगस्टात ढगाकडं डोळे लावून बसणारे आपण मराठवाड्याचे, अन् ढग नको म्हणून नवस बोलायची पाळी.)

इजिप्तमधलं लक्सर त्याच्यामुळंच पुढं आहे. ऑगस्टात तिथं ढग शोधून सापडत नाही, वाळवंटच ते. वर खग्रास 6 मिनिटं 20 सेकंदांच्या आसपास, कारण त्या दिवशी चंद्र पृथ्वीजवळ असल्यानं मोठा दिसणार अन् सूर्य थोडा लांब. दुपारी एकच्या सुमाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर, मान मोडते तेवढी तयारी ठेवा. खोट म्हणजे ऊन, 40 च्या वर पारा, आपल्याला मे महिना माहिती आहे म्हणून चालून जाईल पण सत्तरीच्या आईवडलांना नेऊ नका. व्हिसा लागतो, पासपोर्ट आत्ताच काढा, अन् त्या तारखेच्या खोल्यांना जगभरातून मागणी आहे, शेवटच्या महिन्यात स्वस्त मिळेल हा हिशेब इथं चालणार नाही. कर्नाकचं देऊळ, नाईलपलीकडं राजांच्या कबरी, म्हणजे ग्रहण सोडूनही चार दिवस वसूल होतात.

लडाखचं ग्रहण 20 मार्च 2034 ला, पाडव्याच्या तोंडावर, कारगिलच्या बाजूनं. जमेची बाजू एकच पण मोठी, देशात आहे, व्हिसा नाही, भाषा चालून जाते. पण मार्च म्हणजे तिकडं अजून बर्फ, जोजिला घाट बऱ्याचदा बंदच असतो, ढगांचा भरवसा नाही, अन् सूर्य दुपारनंतर डोंगराकडं कललेला, समोर शिखर आलं की खेळ खल्लास. इंदूर परत होईल अशी भीती मला वाटते. ज्याला 2027 जमतच नाही त्यानं जावं, आठवडाभर आधी पोचून अन् आभाळ बघून पुढं सरकायची तयारी ठेवून.

22 जुलै 2028 ला सिडनीतही आहे, पावणेचार मिनिटांचं, तिकडं कुणी नातेवाईक असेल तर विचार करा. अन् 21 मे 2031 ला मदुराईकडं कंकणाकृती आहे, पण त्यात चंद्र लहान पडतो, सूर्याचं कडं शिल्लक राहतं, अंधारही नाही अन् कोरोनाही नाही. सुट्टीत रामेश्वर करणारच असाल तर जोडून घ्या, एवढंच.

कुठंही गेलात तरी ग्रहणाचा प्रमाणित चष्मा घ्या, एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, यातलं काहीच चालत नाही. चष्मा काढायचा तो फक्त पूर्ण झाकल्यावर, अन् पहिला ठिपका चमकला की लगेच परत डोळ्यावर. कंकणाकृतीला तर एक सेकंदही नाही. अन् मोबाईल खिशात ठेवा हो, सहा मिनिटं सेटिंग शोधण्यात गेली तर देगलूरच्या काकांच्या टपरीवाल्यासारखं व्हायचं.

मावसभावाचं लक्सर ठरल्यात जमा आहे. मावशीला सांगायचं राहिलंय. त्या दिवशी दिव्यांची अमावस्या, त्यात सोमवार, त्यात ग्रहण, अन् लेक सातासमुद्रापार, ते त्याचं त्यानं निस्तरावं.