स्टँड मिक्सर बिघडला : घरी उघडावा, कारागिराकडे द्यावा की नवा घ्यावा?

लातूरच्या गंजगोलाईत वाटणाच्या मिक्सरचा कपलर, जारचा बुश किंवा झाकणाचे रबर मागितले, तर दुकानदार बोलता बोलता मागच्या कप्प्यात हात घालून वस्तू काढून देतो. केकचे मिश्रण फेटणाऱ्या आणि कणीक मळणाऱ्या स्टँड मिक्सरचा गिअर मागितला, तर तो आधी यंत्राचा फोटो मागतो आणि फोटो पाहून पुण्याला किंवा हैदराबादला विचारायला सांगतो. बिघडलेल्या स्टँड मिक्सरचे काय करावे, या प्रश्नाचे मराठवाड्यातले उत्तर मोठ्या शहरातल्या उत्तरापेक्षा वेगळे निघते ते याच कारणाने. आमच्या घरी पत्नी गेली काही वर्षे केकच्या आणि पावाच्या ऑर्डर घेते. या काळात मी आमचा मिक्सर तीनदा उघडला : एकदा कार्बनसाठी (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे), एकदा गिअरसाठी आणि एकदा, उघडायला नको होता तेव्हा.

निर्णयाआधी बिघाड कुठे आहे हे ओळखावे, आणि बहुतेक वेळा ते यंत्र न उघडताही कळते. मोटारीचा आवाज नेहमीसारखा येतो, पण बीटर फिरत नाही किंवा कणीक मळायचा हुक कणकेत शिरताच कटकट करून थांबतो, तर गिअरचे दात गेलेले असतात. यंत्र मध्येच बंद पडते, थोपटल्यावर पुन्हा सुरू होते आणि मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, तर कार्बन झिजलेले असण्याची शक्यता अधिक. सगळे वेग एकसारखेच चालत असतील किंवा बटण सरकवताच यंत्र थेट सर्वांत मोठ्या वेगाने सुटत असेल, तर स्पीड कंट्रोलकडे, म्हणजे वेग बदलणाऱ्या सर्किटकडे, बोट जाते. जळका वास आणि धूर आला असेल, तर आर्मेचर किंवा फील्ड कॉइलची (मोटारीतल्या तारेच्या फिरत्या आणि स्थिर गुंडाळ्यांची) आशा कमीच धरावी. भांड्यात तेलाचे थेंब गळणे हा मात्र पुष्कळदा बिघाडच नसतो. गिअरबॉक्समधल्या ग्रीसपासून तेल सुटते, यंत्र बरेच दिवस पडून राहिले की अधिक सुटते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात हे हमखास घडते. जुने ग्रीस पुसून नवे भरले की प्रश्न मिटतो.

कार्बन बदलण्यात घरच्या दुरुस्तीला तोड नाही. अनेक यंत्रांत मोटारीच्या दोन्ही बाजूंना पेचाची दोन झाकणे असतात. प्लग काढून ती झाकणे फिरवली की स्प्रिंगसह कार्बन बाहेर येतो. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत आणि नव्याची लांबी-रुंदी जुन्याशी ताडून पाहावी. नवा कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, नीट बसेपर्यंत सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात, त्याने घाबरू नये. एवढ्या कामासाठी दुकानात यंत्र ठेवून चार दिवस वाट पाहणे मला तरी पटत नाही.

गिअरचे काम मोठे आहे, पण खरी बचत तिथेच होते. चांगल्या बनावटीच्या यंत्रांत, उदाहरणार्थ किचनएडच्या काही मिक्सरमध्ये, एक गिअर मुद्दाम इतरांपेक्षा कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे कणीक फार घट्ट झाली की तो तुटतो आणि मोटार वाचते. फ्यूज जसा स्वतः जळून घरातली वायर वाचवतो, तसेच हे आहे. आमचा गिअर गेला तो माझ्याच हट्टाने : नानसाठी मैद्याचा घट्ट गोळा मी वेग वाढवून मळायला घेतला होता. पीठ मळताना दुसऱ्या वेगाच्या वर जाऊ नये, असे त्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते, आणि ती पुस्तिका आमच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आली नव्हती.

हेड, म्हणजे मोटार आणि गिअर असलेला वरचा भाग, उघडले तेव्हा आत काळपट, चिकट ग्रीसचा गोळा होता आणि त्यात पितळी रंगाचे तुकडे, तुटलेल्या दातांचे, तिळासारखे विखुरलेले होते. गिअर बदलणे हे त्यातले सर्वांत सोपे काम ठरले. तासभर गेला तो ते तुकडे वेचण्यात, कारण एक जरी दात ग्रीसमध्ये राहिला तरी तो नव्या गिअरमध्ये जाऊन अडकतो. जुने ग्रीस पूर्ण काढावे, आतला भाग कोरड्या कापडाने पुसावा आणि खाद्यपदार्थांजवळ चालणारे ग्रीसच भरावे. मोटारसायकलच्या चेनचे ग्रीस घरात आहे म्हणून ते घालण्याचा मोह टाळावा, कारण ते पुढे केकच्या भांड्यात उतरणार असते. बीटर ज्या दांड्यावर बसतो तिथली आडवी पिन ठोकून काढण्यासाठी योग्य जाडीचा पंच लागतो, खिळ्याने ती वाकते. पेच निघतील त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवावेत आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. हे सगळे करण्यास पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो, दुसऱ्या वेळी दोन तास पुरतात.

आता कारागिराची बाजू. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात मोटार रिवायंडिंगची (जळालेली तार काढून नवी भरण्याची) दुकाने आहेत, कारण बोअरवेलच्या मोटारी जळणे इथे नेहमीचेच आहे. तांब्याच्या तारेवर या मंडळींचा हात उत्तम बसलेला असतो. पण मिक्सरची मोटार पाण्याच्या मोटारीसारखी नसते. तिच्यात कार्बन आणि कम्युटेटर असतो, आर्मेचरच्या बारीक खाचांत तार भरावी लागते आणि तोल चुकला तर यंत्र थरथरते. म्हणून दुकान निवडताना ‘हँड ड्रिल आणि ग्राइंडरची आर्मेचर भरता का?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर काम तिथे द्यावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी : उन्हाळ्यात आणि पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या मोटारी आधी होतात, आणि तसेच व्हायला हवे, त्यामुळे तुमचा मिक्सर फळीवर पंधरा दिवस बसू शकतो. लग्नसराईच्या ऑर्डर हातात असतील तर हा विलंब दुरुस्तीच्या खर्चापेक्षा महाग पडतो.

वॉरंटी शिल्लक असेल तर तुलनेला जागाच नाही. यंत्र अधिकृत सेवा केंद्रातच द्यावे, कारण आपण पेच उघडला की ती बहुधा संपते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टु रिपेअर’ पोर्टलवर सहभागी कंपन्यांच्या सेवा केंद्रांची आणि दुरुस्तीची माहिती मिळते. लातूर, बीड किंवा हिंगोलीहून यंत्र संभाजीनगरला नेण्याआधी ती पाहून फोन करावा. वॉरंटी संपल्यानंतर मात्र सेवा केंद्र अनेकदा एका गिअरऐवजी पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा हिशेब देते. त्यांच्या दृष्टीने ते रास्त आहे, कारण केलेल्या कामाची हमी त्यांना द्यावी लागते. आपल्या खिशाला मात्र घरची दुरुस्ती स्वस्त पडते.

सुटे भाग ऑनलाइन मागवताना मॉडेलचा क्रमांक यंत्राच्या तळाशी असलेल्या पट्टीवरून उतरवून घ्यावा. ‘पाच लिटरचा, लाल रंगाचा’ या वर्णनावर भाग येतो, बसत नाही. गिअर आणि पिन मूळ कंपनीचेच घ्यावेत, असे माझे मत आहे. पर्यायी गिअर स्वस्त असतात, पण त्यांपैकी काहींचा धातू मूळ गिअरपेक्षा कठीण असतो, आणि जो तुटायला हवा तो तुटला नाही तर भार मोटारीवर येतो. कार्बन, गॅस्केट आणि रबरी पाय पर्यायी असले तरी चालतात.

मुलाने किंवा भाच्याने अमेरिकेहून आणलेला मिक्सर हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे असते आणि आपला पुरवठा २३० व्होल्टचा. केवळ पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून ते चालवले तर मोटार किंवा सर्किट जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॅटपेक्षा चांगल्या फरकाने मोठा घ्यावा. अशा यंत्राचे गिअर आणि पिन पुष्कळदा आपल्याकडच्या त्याच मॉडेलला चालतात, पण स्पीड कंट्रोल आणि आर्मेचर व्होल्टेज जुळवूनच घ्यावे लागतात. माझी तिसरी दुरुस्ती इथेच फसली. यंत्र आपल्याकडचेच, २३० व्होल्टचे होते आणि मी मागवलेले स्पीड कंट्रोलचे सर्किट १२० व्होल्टचे निघाले. ते बसले व्यवस्थित, आणि प्लग लावताच फट् असा आवाज होऊन घरातला एमसीबी पडला. सर्किटच्या बाबतीत तेव्हापासून माझा सल्ला स्पष्ट आहे : मल्टिमीटर नीट वापरता येत नसेल तर हे काम जाणत्याकडे द्यावे. घरी काहीही दुरुस्त केले तरी धातूच्या बॉडीचे अर्थिंग तपासल्याशिवाय यंत्र ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात परत ठेवू नये.

नवा घेण्याचा हिशेब यंत्राच्या आतल्या धातूवर ठरतो. सहा-सात हजारांपासून मिळणाऱ्या अनेक मिक्सरमध्ये गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. अशा यंत्राची मोटार गेली तर त्यावर पैसे घालू नयेत. गिअर गेला आणि भाग मिळत असला, तरी दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ लागला की थांबावे. धातूच्या गिअरबॉक्सचे, तीस-चाळीस हजारांच्या पुढचे यंत्र मात्र गिअरसाठी, कार्बनसाठी, अगदी आर्मेचरसाठीही दुरुस्त करण्याजोगे असते. आठवड्यातून एखादाच केक होत असेल, तर नव्या स्टँड मिक्सरऐवजी हातात धरायचा बीटर पुरतो आणि कणीक परातीत हातानेच मळलेली बरी.

दुरुस्त झालेले यंत्र लगेच कामाला लावू नये. आधी दहा मिनिटे ते सर्वांत कमी वेगावर रिकामे चालवावे आणि हेडवर हात ठेवून कंप व उष्णता पाहावी. मग पाव किलो मैद्याची सैलसर कणीक मळून बघावी, आणि ऑर्डरचे दोन किलो पीठ दुसऱ्या दिवशी घालावे.