कडबनवाडीची गवताळ सफारी: माळरान मनापासून दाखवणारी, पण वनहद्दीपाशी थांबणारी

पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ, गाडीखेल येथील माळरानांवर गवताळ सफारी सुरू केली आहे. त्यांपैकी कडबनवाडीची दुपारची फेरी मी या हिवाळ्यात केली. भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्याहून शेकडो लोक जातात, पण तिथून फार दूर नसलेल्या या माळाकडे त्यांतले थोडेच वळतात. ज्यांना पश्चिम महाराष्ट्रातील वन्यजीवांची खरी अवस्था समजून घ्यायची आहे, त्यांनी ही फेरी अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणी ऑनलाइन होते आणि सोबत गावातीलच प्रशिक्षित मार्गदर्शक मिळतो. या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू तीच आहे. आमच्याबरोबर आलेल्या तरुणाने सुरुवात प्राण्यांपासून केली नाही. त्याने आम्हांला आधी गवत दाखवले: कुसळी कोणती, पवन्या कोणता, मारवेल कुठे वाढते, मेंढ्या कशाला आधी तोंड लावतात आणि कशाला शेवटपर्यंत शिवत नाहीत. वाळलेल्या कुसळीची कुसळे पायमोज्यांत रुतत असताना हे सगळे ऐकणे अगदी योग्य होते. हिवर, बोर आणि तरवड यांच्या विरळ झुडपांमधून चिंकाऱ्यांची एक जोडी आम्हांला दिसली, परंतु त्याआधी त्याने त्यांची लेंड्या टाकण्याची ठरलेली जागा दाखवली होती. एकाच जागी पुन्हापुन्हा पडलेल्या त्या ढिगाऱ्यावरून हे हरिण आपला टापू कसा राखते, हे त्याने इतके नीट समजावले की प्रत्यक्ष हरिण दिसणे हा त्या माहितीचा पुढचा भाग वाटला.

लांडगा आम्हांला दिसला नाही. त्याच्या पंजांचे ठसे आणि वाळून पांढरी पडलेली विष्ठा मात्र दिसली. मार्गदर्शकाने ती काडीने उकलली, तेव्हा आत मेंढीची लोकर आणि हाडाचे बारीक तुकडे निघाले. येथील लांडगा आता बऱ्याच अंशी पाळीव जनावरांवर जगतो, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. भारतातील लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचे अभ्यासक मानतात, म्हणजे देशातील वाघांपेक्षाही कमी. तरीही व्याघ्र प्रकल्पांइतके मोठे संरक्षित क्षेत्र त्यांच्या वाट्याला कधी आले नाही, कारण ते राहतात त्या जमिनीला आपण जंगल मानत नाही.

या बाबतीत मार्गदर्शकाची मांडणी मला फार मोलाची वाटली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश जंगल तोडल्यामुळे उघडा पडला, असा समज सुशिक्षित माणसांतही आढळतो. तो चुकीचा आहे. जुन्या मराठी साहित्यातील आणि लोकगीतांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले की पश्चिम महाराष्ट्रातील ही झुडपी गवताळ भूमी किमान ७५० वर्षे जुनी आहे. तरीही सरकारी नोंदींत अशा जमिनी वर्षानुवर्षे पडीक म्हणून दाखवल्या गेल्या आणि त्यामुळे त्या कारखान्यांना, सौरप्रकल्पांना, रस्त्यांना देणे सोपे झाले. उरलेल्या भागात वनीकरणाच्या नावाखाली सलग समतल चर खणून ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावले गेले. असे जुने चर आम्हांला वाटेत दाखवण्यात आले. उघड्या माळावर लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या चिंकाऱ्याला आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविक पक्ष्याला दाट झाडी उपयोगाची नसते, हे त्या ठिकाणी उभे राहून सहज पटते. भारताने २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविषयक परिषदेत दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१५ या काळात देशातील गवताळ क्षेत्र ३१ टक्क्यांनी घटले. माळढोकाचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, आणि नान्नजच्या माळावर हमखास दिसणारा तो पक्षी आता जवळजवळ नाहीसा झाला आहे.

सूर्य कलू लागल्यावर गाडी एका उंचवट्यावर थांबवण्यात आली, इंजिन बंद करायला सांगण्यात आले आणि सफारीतील सर्वांत सुंदर भाग सुरू झाला. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे भोवत्या पक्षी एकेक करून माळावर येऊ लागले. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर उतरतात. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत ते घिरट्या घालत होते, मध्येच खाली उतरत होते, जागा पसंत न पडल्यास पुन्हा उठत होते. त्यांना रात्र काढायला कापणी न झालेले, न जळालेले, न नांगरलेले गवत लागते. तेवढा एक सलग पट्टा गेला, तर हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पाहुण्यांना शेजारच्या उसाच्या फडात उतरता येत नाही.

शिस्तीबद्दलही लिहिले पाहिजे. अन्य एका माळावर एका खासगी सहल आयोजकाबरोबर गेलो असताना त्याने छायाचित्रांसाठी गाडी थेट खोकडाच्या बिळापाशी नेली होती. येथे तसे काही घडले नाही. ठरलेली वाट सोडायची नाही, बिळाजवळ थांबायचे नाही, प्राणी पळू लागला तर पाठलाग करायचा नाही, हे आधीच बजावण्यात आले आणि ते पाळलेही गेले. लांडग्यांची पिल्ले हिवाळ्याच्या सुमारासच जन्मतात, त्यामुळे या काळात ही सक्ती अत्यंत आवश्यक आहे.

माझी मुख्य अपेक्षा एका बाबतीत अपुरी राहिली. ही फेरी वनहद्दीच्या आत सुरू होते आणि आतच संपते. लांडग्यांच्या एका कळपाला शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा टापू लागतो आणि त्यातील बराचसा भाग खासगी शेती, गायरान आणि पडीक रान असतो. कालव्याचे पाणी आले, माळ फोडून ऊस लागला, त्यापाठोपाठ वस्ती, कचरा आणि मोकाट कुत्री आली. या कुत्र्यांमुळे लांडग्यांत रोग पसरतात, आणि पुणे परिसरात लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावाही मिळाला आहे. पाहुण्यांना परतीच्या वाटेवर अर्धा तास थांबवून माळ आणि ऊस यांच्यामधली ती सीमा दाखवली, एखाद्या धनगराच्या वाड्यावर नेऊन मेंढी गेल्यावर काय होते, पंचनामा कसा होतो, भरपाई मिळते का, हे त्यांच्याच तोंडून ऐकवले आणि त्या वेळेचा मोबदला त्यांना दिला, तर ही सफारी महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाची ठरेल. मेंढपाळ टिकला तरच येथील चराऊ माळ टिकतो, असे मला मनापासून वाटते, आणि आजच्या फेरीत तो केवळ दूरवरून दिसतो. गवतांच्या व पक्ष्यांच्या मराठी नावांची एक छोटी सचित्र पुस्तिका प्रवेशाबरोबर दिली, तर मुलांना तिचा विशेष उपयोग होईल.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. भोवत्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत आणि दुपारचीच फेरी घ्यावी. दुर्बीण असल्याशिवाय जाऊ नये, कारण येथे प्राणी दूर असतात आणि ते दूरच राहिले पाहिजेत. कपडे मातकट रंगाचे, बूट पूर्ण पाय झाकणारे असावेत. वाघ दिसलाच पाहिजे अशा हट्टाने जंगलात जाणाऱ्यांना ही सफारी रुचणार नाही. शाळांच्या सहलींसाठी मात्र मी तिची आग्रहाने शिफारस करतो, विशेषतः इंदापूर, बारामती, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील शाळांसाठी, कारण त्या मुलांच्या घरांमागे हाच माळ आहे आणि पुढील वीस वर्षांत त्याचे काय करायचे, हे तीच ठरवणार आहेत.