लिशमन स्टेन: व्हायरल संसर्गाच्या स्मिअरसाठी कितपत भरवशाचा?

श्वसनमार्गाच्या व्हायरल संसर्गात सेल काउंटरने (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राने) अॅटिपिकल, म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फ्लॅग दिला की स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, बघावाच लागतो. त्यासाठी तयार द्रावणातला लिशमन स्टेन (पेशी रंगवायचा रंग) उत्तम आहे. पण बफर (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, स्थिर ठेवणारं द्रावण) नीट नसेल तर तो सपशेल फसवतो.

इथे रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट (संसर्गामुळे चेतलेला) ओळखायचा असतो तो मुख्यतः सायटोप्लाझमवरून, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या द्रवावरून. पेशी मोठी, सायटोप्लाझम भरपूर, आत फिकट आणि कडेला गडद निळा. शेजारी तांबडी पेशी आली की ही कड दबून तिच्या आकाराप्रमाणे वळते. निळ्या रंगातला हा फरक लिशमन सुरेख दाखवतो, मात्र बफरचा पीएच ६.८ हवा. पीएच वर गेला तर सगळीच स्लाइड निळसर होते आणि साधे लिम्फोसाइटही रिॲक्टिव्ह वाटू लागतात. खाली गेला तर कडेचा निळा उडतो, तांबड्या पेशी भडक गुलाबी दिसतात. नळाचं पाणी वापरून पैसे वाचवू नयेत.

पद्धत सोपी आहे. पूर्ण वाळलेल्या स्मिअरवर स्टेन ओतून २ मिनिटं ठेवा. त्यातल्या मिथेनॉलने पेशी फिक्स होतात. मग दुप्पट बफर घालून हलकेच मिसळा, ८ ते १० मिनिटं थांबा. स्टेन आधी ओतून न टाकता थेट बफरच्या धारेनेच धुवा, नाहीतर रंगाचा साका पेशींवर बसतो. बाटलीत ओल शिरली तर तांबड्या पेशींवर चकाकणारे ठिपके येतात. झाकण घट्ट हवं.

न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) बाबतीत मात्र हात थोडा आखडता घ्यावा लागतो. कोविडमध्ये वर्णन झालेले दोनच खंडांच्या केंद्रकाचे न्यूट्रोफिल लिशमनवर स्पष्ट दिसतात, पण टॉक्सिक ग्रॅन्युल्सबद्दल (संसर्गात पेशीत दिसणारे गडद कण) त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. स्टेन जास्त वेळ राहिला तर नेहमीचे ग्रॅन्युल्सही गडद दिसतात. त्याच बॅचमध्ये निरोगी रक्ताची एक स्लाइड रंगवून ताडून बघावं. शंका राहिलीच तर मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा हा दुसरा स्टेन अधिक विश्वासाचा.

आणि कितीही चांगला स्टेन शिळ्या नमुन्याला वाचवत नाही. ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त तासन् तास पडून राहिलं की मोनोसाइटमध्ये पोकळ्या येतात, लिम्फोसाइटची केंद्रकं वेडीवाकडी होतात. व्हायरल संसर्गाचाच भास होतो. रक्त घेतल्यापासून शक्यतो २ तासांत स्मिअर काढावा.

स्लाइड वाचताना पेशींची विविधता पाहा. व्हायरलमध्ये रिॲक्टिव्ह पेशी लहान-मोठ्या, फिकट-गडद अशा सरमिसळ असतात. सगळ्या एकाच साच्यातल्या, बारीक क्रोमॅटिनच्या (केंद्रकातला रंगणारा पदार्थ) आणि ठळक न्यूक्लिओलसच्या (केंद्रकातला गोल ठिपका) दिसल्या तर 'रिॲक्टिव्ह' लिहून मोकळं होऊ नये. तो नमुना फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) पाठवावा.