लिस्बन की पोर्तो? पायी फिरणाऱ्याने कुठे राहावे

आजोबांच्या 1961 पूर्वीच्या जन्मनोंदणीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढलेली असोत की शिकायला निघालेली, म्हापसा-फोंड्याकडची मुले हमखास विचारतात: पोर्तुगालात लिस्बनला राहावे की पोर्तोला? भाडे आणि नोकरीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी फक्त चालण्याबद्दल बोलतो. परके शहर पायाखाली घातले की लवकर अंगवळणी पडते, पण कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जाणाऱ्या आपल्याला नेमके तेच जड जाते.

पोर्तो आटोपशीर. क्षेत्रफळ जेमतेम 41 चौरस किलोमीटर, लिस्बनचे 100. साव बेंतु स्टेशनातल्या भिंतींवरच्या निळ्या फरश्या बघून बाहेर पडा, समोरच एक चढ दिसेल: रुआ द 31 द जनेरु, म्हणजे 31 जानेवारी रस्ता. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये याच तारखेचा रस्ता असल्याने पणजीकर पाटीपाशी थबकतोच. पोर्तोतला रस्ता 1891 च्या तिथल्या प्रजासत्ताकवादी उठावाची आठवण आहे. मग दोरु नदीवरचा 1886 चा दों लुईश पूल गाठा. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि माणसे जातात, खालून गाड्या आणि माणसे. वरून पलीकडे गाया शहरात जायचे आणि खालून परतायचे. एवढ्यात शहराची ठेवण डोक्यात बसते. गुडघे मात्र बोलू लागतात.

लिस्बन एवढ्यात हाती लागत नाही. बायशा हा सखल भाग सोपा, कारण 1755 च्या भूकंपात तो पडला आणि तेव्हाचा मंत्री पोंबाल याने काटकोनात रस्ते आखून पुन्हा उभारला. तिथे सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, सगळे सरळ तेजु नदीकडे जातात. शेजारचे अल्फामा बरेचसे वाचले आणि त्याच्या गल्ल्या जुन्या वळणाच्याच राहिल्या. तिथे फोनवरचा निळा ठिपका भिंतीतून चालतो. वाट चुकली तर उतार धरा, नदी लागते. 28 नंबरच्या ट्रामचा मोह रोजच्या कामासाठी नको; पर्यटकांनी इतकी भरलेली असते की चाललेले बरे.

फुटपाथ दोन्हीकडे बारीक दगडांचे, लिस्बनमध्ये जास्तच. पांढरी चुनखडी, काळा बेसॉल्ट, पावलांनी घासून गुळगुळीत. पाऊस पडला की देवळाच्या तळीच्या शेवाळलेल्या पायऱ्याच त्या. चांगल्या पकडीचे बूट घ्या, चपला घरात वापरा. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, थंडीला सोबत घेऊन येतो आणि पोर्तोत लिस्बनपेक्षा बराच जास्त पडतो. 'आम्हाला पावसाचे काय' म्हणणारा गोंयकार तिथे पहिल्याच हिवाळ्यात गप्प होतो.

सोबतीच्या बाबतीत मात्र लिस्बन सरळ पुढे. मार्तीं मुनीश चौकाच्या आसपास डाळी-मसाल्यांची दुकाने आहेत, लुमियार भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे आणि आपल्या लोकांची काझा द गोवा ही संस्थाही आहे. रविवारी पाय कुठे वळवायचे हा प्रश्न एकट्या माणसाला फार छळतो, म्हणून ओळखीचे कोणी नसेल तर मी लिस्बनच सांगेन. कॉलेज किंवा नोकरी पोर्तोत ठरली असेल तर बिनधास्त पोर्तो; सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्यांना वाट दाखवाल.

खोली ठरवण्याआधी, शहर कुठलेही असो, मेट्रोपासून तिथवर सामानाची पिशवी घेऊन एकदा चालत जा. जाहिरातीतली 'पाच मिनिटे' बऱ्याचदा उताराची असतात.