पिओनीच्या नावाखाली गुलबक्षी : सोलापूरच्या गच्चीवरचा माझा अनुभव

परवा बार्शीहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. सोबत निळ्याशार, भरगच्च पाकळ्यांच्या फुलाचा फोटो. खाली लिहिलेलं, "बाई, हे पिओनीचं रोप आपल्या हवेतही येतं म्हणतायत. तुम्हाला फुलांतलं कळतं. घेऊ का?"

पिओनी म्हणजे थंड हवेत येणारं, ओंजळभर मोठ्या फुलांचं झाड. फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. तोच फोटो. त्याच फोटोपायी माझे साडेसतरा हजार रुपये गेले आणि वर्षभराची आशाही गेली. तेव्हा कुणाला सांगायची लाज वाटली होती. आता वाटतं, मी गप्प बसले म्हणूनच तो फोटो बार्शीपर्यंत पोहोचला. म्हणून सगळं लिहिते आहे.

मी जुळे सोलापुरात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गच्चीवर जास्वंदीचे संकर करते. सकाळी नऊच्या सुमारास एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या पाच टोकांवर अलगद टेकवायचे, देठाला रंगीत दोरा बांधायचा, वहीत तारीख आणि आईबापांची नावं लिहायची. बोंड धरलं तर ते पिकेपर्यंत दीड-दोन महिने रोज बघायचं. पुढं बी रुजवायचं आणि पहिल्या फुलासाठी वर्ष-दीड वर्ष थांबायचं. माझ्या एका केशरी जास्वंदीला मी आईचं नाव दिलं आहे. हे सांगते ते एवढ्यासाठी की मी नवखी नव्हते. झाडाची वाट बघायची मला सवय होती, आणि मला पिओनी विकणाऱ्या माणसानं नेमकी तीच पकडली.

पिओनी मी पहिल्यांदा पाहिली ती मुलीकडे, कॅनडात, जूनमध्ये. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी ती फुलं पाण्याच्या भारानं जमिनीला टेकली होती. एक फूल ओंजळीत घेतलं तर ओंजळ भरून वर उरलं. न उमललेल्या कळ्यांवर गोड चिकट रस होता आणि त्यावर मुंग्या फिरत होत्या. मी त्या वाफ्यापाशी किती वेळ बसले होते, आठवत नाही. परत आल्यावर पिओनीविषयी मिळेल ते वाचत गेले. त्यात तोइची इतो यांची हकीकत भेटली. जमिनीलगतची पिओनी आणि झुडपासारखी वाढणारी पिवळी पिओनी यांचा संकर कुणाला साधत नव्हता. या जपानी माणसानं शेकडो वेळा प्रयत्न केले आणि 1948 साली त्यांना तो साधला. 1956 मध्ये ते गेले. त्या रोपांना पहिली फुलं आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. आज त्या सगळ्या कुळाला इतो पिओनी म्हणतात. ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली असेल.

सप्टेंबर 2023 मध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली : 'उष्ण हवेसाठी खास तयार केलेली पिओनी. कंद आणि इतो संकराचं बी उपलब्ध.' मी विचारणा केली. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलायचा. हिमाचलात त्यांची नर्सरी आहे म्हणाला. मी जास्वंदीचं सांगितल्यावर त्यानं फोटो मागवले, कौतुक केलं, आणि बोलण्याच्या ओघात मीच इतोंची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज : "ताई, दख्खनची पहिली पिओनी तुमच्या हातून व्हायची असेल." हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होते. तिसऱ्या दिवशी पैसे पाठवले. तीन कंदांचे प्रत्येकी 2,400 प्रमाणे 7,200, आणि पंचवीस बियांच्या पाकिटाचे 1,800.

आठवड्यानं फोन. माल विमानतळावर प्लांट क्वारंटाइनमध्ये, म्हणजे परदेशी झाडांच्या रोगतपासणीत, अडकला आहे, सोडवायला 3,500 लागतील. नर्सरी हिमाचलात, तर माल विमानतळावर कसा, हे मला तेव्हाच विचारता आलं असतं. नाही विचारलं. वाटलं, मूळ कंद बाहेरून मागवत असतील. परदेशातून झाडं आणायची तर आयात परवाना लागतो, त्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, बंदरावर तपासणी होते, हे सगळं खरं आहे. म्हणूनच ती थाप पचते. पण ती कामं आयात करणाऱ्यानं आधी करायची असतात. त्याची फी गिऱ्हाइकाकडून कुणाच्या खासगी यूपीआय नंबरावर घेत नाहीत.

ऑक्टोबरच्या मध्याला खोका आला. ओल्या भुशात गुंडाळलेले तीन जाड, काळपट कंद, मुळ्यापेक्षा थोडे जाड, वरचं टोक सपाट कापलेलं. इथे थांबून एक गोष्ट नीट सांगते, कारण ती मला ठाऊक असून मी तिच्याकडे डोळेझाक केली. पिओनीच्या कंदाला वरच्या बाजूला गुलाबी-लालसर फुगीर कोंब असतात, त्यांना डोळे म्हणतात. चांगल्या कंदाला तीन ते पाच डोळे असतात. तेच कोंब पुढं वर येतात. डोळा नसलेला मुळाचा तुकडा घेऊन काहीही उपयोग नसतो. माझ्या तिन्ही कंदांवर एकही डोळा नव्हता. मी फोटो पाठवून विचारलं. उत्तर आलं, "ताई, उष्ण जातीचे डोळे आत झोपलेले असतात. धीर धरा."

त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. धीर धरा.

आता हवेचं. पिओनीला हिवाळा लागतो, आणि तो नावापुरता नाही. कित्येक आठवडे शून्य ते सहा-सात अंशांच्या थंडीत कंद निजला तरच वसंतात फूल धरतं. आपल्याकडे सोलापुरात पारा दहाच्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. मेमध्ये तो 43-44 ला जातो. आपल्या देशात पिओनीची रानटी जात आहे, पण ती काश्मीरपासून उत्तराखंडपर्यंतच्या हिमालयात, उंचावर. पांढऱ्या फुलांची. तिचं मूळ युनानी औषधात ऊद सलीब म्हणून ओळखतात. ती तिथं येते कारण तिथं बर्फ पडतो.

त्या माणसाकडे याचंही उत्तर होतं : डिसेंबर-जानेवारीत रोज रात्री कुंडीवर बर्फ टाका.

मी टाकला. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यातून बाजूला काढून ठेवायचं, फ्रीजमध्ये चार ट्रे लावायचे आणि रात्री दहाला गच्चीवर जाऊन तिन्ही कुंड्यांत बर्फाचे खडे पसरायचे. संक्रांतीत सगळी गल्ली गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गेलेली, नंदीध्वज बघायला माझी नातवंडं आलेली, आणि मी रात्री धावतपळत घरी येऊन बर्फ टाकलेला. अर्ध्या तासात त्याचं पाणी होऊन जायचं. एकदा मातीत थर्मामीटर खुपसून बघितला. बर्फ टाकल्यावर 12, तासाभरानं पुन्हा 17. तरी टाकत राहिले. पंचेचाळीस रात्री. वहीत नोंद आहे.

बियांनाही अशीच कैद. 'ओल्या वाळूत घालून पाच महिने फ्रीजमध्ये ठेवा, उघडून बघू नका.' पिओनीच्या बियांना थंडी लागते हे बरोबर आहे, पण आधी दोन-तीन महिने उबेत ठेवून मूळ फुटू द्यावं लागतं आणि मग थंडी. नुसतं फ्रीजमध्ये ठेवायला सांगण्यामागं कारण एकच, पाच महिने मी तक्रार करणार नाही. त्याचा धंदा या संथपणावरच चालतो. मिरचीचं बी खोटं निघालं तर पंधरा दिवसांत कळतं. पिओनीला बीपासून फूल यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि जाणकार माणूस जितका जास्त वाचलेला, तितका तो जास्त दिवस गप्प बसून वाट बघतो. मी आठ महिने वाट बघितली.

जून 2024. मृगाचा पाऊस झाला आणि चार दिवसांनी मधल्या कुंडीत लालसर कोंब वर आला. पिओनीचे कोंब लालच असतात. मी तिथंच खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. फोटो त्या माणसाला पाठवला. त्यानं लगेच फोन करून अभिनंदन केलं आणि म्हणाला, आता या रोपाचे संकर तुमच्या नावावर नोंदवून घेऊ, नोंदणीचे 5,000. मी त्याच संध्याकाळी पाठवले. फूल नाही, संकर नाही, नुसता एक कोंब, आणि मी नाव ठरवत होते. पिओनीच्या नव्या जातींची जगभरची नोंद अमेरिकन पिओनी सोसायटी ठेवते, आणि नोंद करायची तर फुलाचं वर्णन द्यावं लागतं. न फुललेल्या झाडाचं काय वर्णन देणार होते?

पाच-सहा दिवसांनी शेजारच्या अक्का वाळवण बघायला आमच्या गच्चीवर आल्या. अक्कांचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, माहेर तेलंगणातलं. त्या कुंडीपाशी वाकल्या, पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "टीचर, चंद्रकांता कुंडीत लावलाव की वो? आमच्या बोळात नुसतं उगवलंय, मागितलं असतं तर दिलं नसते का?"

तेलुगूत चंद्रकांता म्हणजे आपली गुलबक्षी.

मी पानाकडे बघितलं. बदामी आकाराचं, टोकाशी निमुळतं, समोरासमोर जोडीनं आलेलं. खोडाच्या पेरापेरावर गाठ. लहानपणापासून हजारदा पाहिलेली गुलबक्षी, आणि पाच दिवस मी तिला रोज बघून ओळखली नव्हती. पिओनीचं पान असं नसतंच, ते तीन-तीन भागांत चिरलेलं असतं. उरलेल्या दोन कुंड्या तेव्हाच उपसल्या. कंद आतून कुजले होते. गुलबक्षीचं मूळही जाड, काळं, कंदासारखं असतं. वरचं टोक उडवून टाकलं की फुटायची शक्यता कमी, म्हणजे विकणाऱ्याला धोका कमी. माझ्या एका कंदाला टोकाचा कपचा चुकून राहिला होता, म्हणून मला कळलं तरी.

मग फ्रीजमधलं बी काढलं. काळं, गोल, वाटाण्याएवढं, गुळगुळीत. पिओनीचं बीही काळं चकचकीत असतं, त्यामुळे रंगरूपावरून शंका आली नव्हती. पाच बिया घेऊन पाटीच्या दगडावर एका बाजूनं घासल्या, पांढरा ठिपका दिसेपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. दहा-बारा दिवसांत सुरळी केलेलं हिरवं पान वर आलं, केळीच्या पिल्लासारखं. कर्दळ. रस्त्याच्या दुभाजकावर लावतात ती.

आणि तसंही, इतो पिओनीचं बी पाकिटात विकायला मिळणं हीच थाप होती. इतो संकर जवळजवळ वांझ असतात, ते कंद फोडून वाढवतात. इतोंची गोष्ट मी लोकांना सांगत होते आणि एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी आठवली नाही. निळ्या फोटोचंही तेच. पिओनी पांढरी, गुलाबी, लाल, पिवळी, कोरल, जांभळट असते. निळी पिओनी जगात नाही. निळी दिसली की तो फोटो रंगवलेला आहे, दुसरा विचार करू नका.

त्याला फोन लावला तर नंबर बंद. फेसबुकचं पान दुसऱ्याच नावानं चालू होतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर पोलिसांकडे पावत्या दिल्या. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, पण ज्या खात्यात पैसे गेले ते केव्हाच रिकामं झालं होतं. पहिली रक्कम जाऊन नऊ महिने झाले होते. "मॅडम, त्याच दिवशी आला असता तर," ती म्हणाली, आणि पुढं बोलली नाही.

तुम्ही कंद मागवणारच असाल तर पैसे देण्याआधी कंदाचा हातात धरलेला व्हिडिओ मागा, ज्यात डोळे दिसतील आणि कागदावर त्या दिवशीची तारीख असेल. पार्सल उघडताना शूटिंग करा. माल हातात आल्यानंतर निघालेली कुठलीही नवी फी भरू नका. आणि सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या हवेत पिओनी येते असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे कुठल्या गावात, कुणाच्या अंगणात ती फुलली आहे ते विचारा आणि जाऊन बघा. माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पैसे लुबाडले गेले असतील तर 1930. लाज वाटली तरी त्याच दिवशी फोन करा.

बार्शीच्या मुलीला मी मेसेजचं उत्तर लिहिलंच नाही, सरळ फोन लावला. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "बाई, सकाळी तीन हजार ॲडव्हान्स दिलेत." मी तिला फोन ठेवायला लावून 1930 फिरवायला सांगितलं. रात्री तिचा फोन आला. तक्रार नोंदली गेली आहे आणि समोरच्या खात्यात पैसे रोखून धरले आहेत. अजून परत मिळालेले नाहीत. पण त्याच्या हातीही लागलेले नाहीत.