नागपुरात इटालियन खायचंय: फॅमिली रेस्टॉरंट, पिझेरिया की पार्सल?

पास्ता गिचका, पिझ्झा मधोमध ओला, आणि चौघांचं बिल दोन हजारांच्या वर. नागपुरात इटालियन खाऊन वैतागलेल्या माणसांच्या बहुतेक तक्रारी एवढ्यातच मावतात. यात आचाऱ्याच्या हाताचा दोष कमी आणि स्वयंपाकघराच्या मांडणीचा जास्त असतो. भट्टी कुठली आहे, पास्ता कधी उकडला जातो, शनिवारी रात्री नऊ वाजता एका शेगडीवर किती ऑर्डरी चढतात, यावरच ताटात काय येणार ते ठरतं. मेन्यूकार्ड नीट वाचलं आणि दोन प्रश्न विचारले, तर हे ऑर्डर देण्याआधीच कळू शकतं.

निवड साधारण तिघांत करायची असते. पहिलं म्हणजे फॅमिली रेस्टॉरंट, जिथे पनीर टिक्का आणि मंचुरियनच्या मागे इटालियनचं एक पान असतं. दुसरी पिझेरिया किंवा फक्त इटालियन करणारी छोटी जागा. तिसरं पार्सल. धरमपेठ, सदर, रामदासपेठ भागातल्या कॅफेंचा वेगळा विचार करायची गरज नाही. पिझ्झ्याची स्वतःची भट्टी असेल तर कॅफे पिझेरियात धरा, नसेल तर फॅमिली रेस्टॉरंटमध्ये.

| काय खायचंय | फॅमिली रेस्टॉरंट | पिझेरिया | पार्सल |
|---|---|---|---|
| रेड सॉस, अराबियाता | पेने घ्या, चालेल | चांगला | बरा |
| व्हाइट सॉस | आल्याबरोबर खाणार असाल तरच | बरा | नको |
| पातळ पिझ्झा | नको | यासाठीच जा | दहा मिनिटांच्या अंतरात असेल तर |
| जाड, पॅन पिझ्झा | चालतो | बहुधा मिळत नाही | सगळ्यात सुरक्षित |
| लझान्या | चांगला | चांगला | चांगला |
| रिसोत्तो | नको | गर्दी नसताना | नको |

पास्ता: उकडून ठेवलेला की तेव्हाच केलेला

सुका पास्ता शिजायला ८ ते ११ मिनिटं लागतात. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये त्यासाठी स्वतंत्र शेगडी अडवून ठेवणं परवडत नाही. म्हणून सकाळीच पास्ता ७०-८० टक्के शिजवतात, गार पाण्याखाली धुतात, चिकटू नये म्हणून तेल लावतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. ऑर्डर आली की सॉसमध्ये टाकून दोन-तीन मिनिटं परततात. ही पद्धत चुकीची नाही, मोठमोठ्या हॉटेलांतही वापरतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. धुतल्यावर पास्त्यावरचा स्टार्च निघून जातो आणि वर तेलाचा थर बसतो, त्यामुळे सॉस धरत नाही. प्लेटच्या तळाशी लाल पाणी आणि वर कोरडा पास्ता दिसतो तो यामुळे. दुसरं म्हणजे सकाळी पूर्ण शिजवलेला पास्ता रात्री पुन्हा गरम केला की फुटतोच.

पिझेरियात मेन्यू छोटा असतो, त्यामुळे पास्ता तेव्हाच उकडण्याची शक्यता जास्त. पण खात्री नाही. ओळखायची खूण वेळ: पाच मिनिटांत पास्ता टेबलावर आला तर तो उकडून ठेवलेलाच, १२ ते १५ मिनिटं लागली तर ताजा असू शकतो. थेट विचारलं तरी चालतं. “भाऊ, पास्ता आधी उकडून ठेवता की ऑर्डरनंतर?” याचं सरळ उत्तर बहुतेक वेटर देतात, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही.

इथे गिऱ्हाइकाचाही थोडा वाटा आहे. इटालियन पद्धतीत पास्ता ‘अल देन्ते’ हवा, म्हणजे दाताला किंचित लागणारा. आपल्याकडे तसा दिला की “कच्चा आहे” म्हणून परत जातो. चार वेळा परत आला की स्वयंपाकघर शहाणं होतं आणि सगळ्यांचाच पास्ता मऊ करतं. तुम्हाला कडक हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर मऊच येणार. आणि घरच्या ज्येष्ठांना मऊच आवडत असेल तर फॅमिली रेस्टॉरंटचा पास्ता त्यांना जास्त रुचेल, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही.

आकाराचाही फरक पडतो. उकडून ठेवण्याचा मार नळीसारखा पेने सहन करतो, शेवयांसारखी लांब स्पगेटी करत नाही, तिचा गोळा होतो. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पेने किंवा पिळाची फुसिलीच घ्यावी.

आता सॉस. व्हाइट सॉस म्हणजे लोणी आणि मैदा समान घेऊन भाजायचा आणि त्यात दूध घालायचं. एक लिटर दुधाला ६० ते ८० ग्रॅम मैदा घातला की मध्यम दाट सॉस होतो. मैदा नीट भाजला नाही तर पिठूळ, कच्ची चव राहते आणि नंतर कितीही चीज घातलं तरी ती जात नाही. सॉस गार होताना घट्ट होत जातो, कारण मैद्यातला स्टार्च बसतो. एसीच्या झोताखाली दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. म्हणून मुलांसाठी व्हाइट सॉस मागवणार असाल तर स्टार्टरबरोबर मागवू नका, मुलं स्टार्टर संपवेपर्यंत तो बसलेला असतो. मेन्यूवर ‘अल्फ्रेडो’ लिहिलेलं असलं तरी येतो बहुधा हाच मैद्याचा सॉस. रोममधल्या मूळ अल्फ्रेडोत लोणी, पार्मेजान चीज आणि पास्त्याचं पाणी एवढंच असतं.

रेड सॉस जास्त भरवशाचा. त्यात घोटाळा एकच, केचप. सॉस गोड, चकचकीत आणि व्हिनेगरचा वास येणारा असेल तर टोमॅटो कमी आणि बाटली जास्त. “सॉस ताज्या टोमॅटोचा की डब्यातल्या?” असं विचारल्यावर “डब्यातल्या” असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. सॉससाठी डब्यातले सोललेले, पिकलेले टोमॅटो बाजारातल्या कडक, आंबट टोमॅटोपेक्षा बरेच चांगले, उन्हाळ्यात तर नक्कीच.

नागपूरच्या जिभेला सगळ्यात जुळणारा पदार्थ अराबियाता: टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची, ऑलिव्ह ऑइल. मैदा नाही, क्रीम नाही, लपवायला जागा नाही. पिंक सॉसचं याच्या अगदी उलट असतं. रेड आणि व्हाइट दोन्ही जेमतेम असले की एकत्र करून दोघांचे दोष झाकता येतात, म्हणून जागा नवी असेल तर पिंकवर पारख करू नये.

पारख करायची असेल तर आल्यो ओल्यो मागवा. लसूण, तेल, मिरची आणि पास्त्याचं पाणी, बस्स. पाणी आणि तेल नीट एकजीव झालं तर पास्त्यावर पातळ, दुधट लेप दिसतो. नाही जमलं तर प्लेटमध्ये नुसतं तेल तरंगतं. लसूण करपला असेल तर पहिल्याच घासाला कडू लागतो.

पिझ्झा: भट्टीवर सगळं अवलंबून

इटलीतल्या नेपल्स शहराच्या पिझ्झ्याचे नियम १९८४ साली तिथे स्थापन झालेल्या एका संस्थेने लिहून ठेवले आहेत. त्यांचं सार असं: चारशे अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून बाहेर. इतक्या थोड्या वेळात कड फुगते, डाग पडतात आणि आतला ओलावा टिकतो. फॅमिली रेस्टॉरंटचा ओव्हन २५० अंशांच्या आसपास चालतो आणि पिझ्झ्याला सात ते दहा मिनिटं लागतात. त्यात पातळ बेस टाकला की तो खारीसारखा वाळतो. त्यामुळे तिथे जाड किंवा पॅन पिझ्झाच घ्यावा. त्यात तेल जास्त असतं, तो कमी तापमानात खालून तळल्यासारखा कुरकुरीत होतो आणि आतून मऊ राहतो.

लाकडाची भट्टी आहे म्हणून पिझेरियात निराशा होणारच नाही असं नाही. तिथे तीन कारणं सतत दिसतात.

गर्दी: एकामागून एक पिझ्झे गेले की भट्टीची फरशी थंड होते. वरची आच लागून चीज वितळतं, पण तळ पांढराच राहतो. रविवारी रात्री साडेआठ ते दहा ही त्याची वेळ. सात वाजता गेलात तर तोच आचारी आणि तीच भट्टी वेगळा पिझ्झा देतात. तुकडा उचलून तळ बघा. तळ फिका असेल तर लगेच सांगा. “पुन्हा भाजून द्या” म्हणू नका, कारण दुसऱ्यांदा भाजल्यावर चीज सुकतं आणि तळ तरी फिकाच राहतो. नवा करून मागा.

टॉपिंग: सिमला मिरची, कांदा, मशरूम, टोमॅटो, कॉर्न सगळं घातलं की भाज्यांचं पाणी मधोमध साचतं. ९० सेकंदांत ते उडून जात नाही. पातळ पिझ्झ्यावर तीनच टॉपिंग ठेवा. ‘व्हेज लोडेड’ हवाच असेल तर तो पॅन पिझ्झ्यातच घ्या.

ऊन: हे कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या आसपास असतं आणि स्वयंपाकघर त्याहून गरम. फ्रिजबाहेर काढलेल्या कणकेचे गोळे थंड हवेत दोन तास आरामात राहतात, इथे अर्ध्या-पाऊण तासात जास्त फुगून बसतात. यीस्टने साखर संपवलेली असते, म्हणून कडेला रंग येत नाही, वास आंबूस येतो आणि ताणताना भोकं पडतात. उन्हाळ्यात कड फिकी आणि चव आंबट लागली तर दोष बहुतेक वेळा भट्टीचा नसून कणकेचा असतो. असा पिझ्झा परत करूनही उपयोग नाही, दुसरा गोळा त्याच ट्रेमधला असणार. त्या दिवशी पास्ता खावा.

चीजबद्दल एवढंच: मोझरेलाला तार येते आणि त्यावर तपकिरी ठिपके पडतात. वनस्पती तेलापासून केलेलं अॅनालॉग, म्हणजे नकली चीज, गरम असताना ठीक वाटतं, पण पाच मिनिटांत रबरासारखं आवळतं आणि वर तेल सुटतं.

लझान्या आणि रिसोत्तो

लझान्या हा मुळातच आधी करून ठेवायचा पदार्थ आहे. पास्त्याच्या पट्ट्या, सॉस आणि चीजचे थर लावून भाजतात, गार होऊ देतात, मग कापतात. म्हणून फॅमिली रेस्टॉरंटमध्येही तो बिघडण्याची शक्यता कमी. फक्त “मायक्रोवेव्हमध्ये नको, ओव्हनमध्ये गरम करा” असं सांगा. नाहीतर कडा कडक आणि मध्य गार येतो.

रिसोत्तो याच्या उलट. आर्बोरियोसारखा आखूड, जाड तांदूळ घेऊन गरम स्टॉक थोडा थोडा घालत १६ ते १८ मिनिटं एका माणसाला शेगडीपाशी उभं राहावं लागतं. शनिवारी रात्री असा माणूस कुठल्याच हॉटेलला परवडत नाही. मग अर्धा शिजवून ठेवलेला भात क्रीममध्ये गरम होऊन येतो. चांगला रिसोत्तो प्लेट हलवली की संथ पसरतो. ढीग तसाच उभा राहिला तर तो नुसता क्रीम घातलेला भात.

शाकाहारी आणि जैन टेबलसाठी

‘व्हेज’ लिहिलंय म्हणून सुटलो असं इटालियनमध्ये होत नाही. इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवणारा पदार्थ) असतं. भारतात तयार होणाऱ्या पार्मेजान पद्धतीच्या चीजवर हिरवा ठिपका असेल तर ते चालतं, म्हणून पाकिटावरची खूण विचारा. म्हणजे फॅमिली रेस्टॉरंटचं स्वस्त चीज इथे पिझेरियाच्या महागड्या चीजपेक्षा सोयीचं ठरू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असू शकतो. ताज्या, हाताने केलेल्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं. तिरामिसू या गोड पदार्थात मूळ पद्धतीने अंडं पडतं, ‘एगलेस’ लिहिलेलं असलं तर बऱ्याचदा मस्करपोने या मऊ चीजऐवजी व्हिप क्रीम असतं आणि तो नुसता गोड लागतो.

जैन ऑर्डर पास्त्यापेक्षा पिझ्झ्यात सोपी जाते. रेड सॉसमध्ये कांदा-लसूण सकाळीच पडलेला असतो, तो नंतर काढता येत नाही. पिझ्झ्याच्या बेसवर मात्र नुसता टोमॅटो आणि मीठ लावून देता येतं.

पार्सल मागवताना

धरमपेठेतून बेसा-मनीषनगरकडे पोचायला डिलिव्हरीवाल्याला अर्धा तास सहज लागतो. तेवढ्यात बंद डब्यातल्या वाफेने पातळ पिझ्झा नरम पडतो. पॅन पिझ्झा आणि लझान्या टिकतात. नरम पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. जाड तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, शेवटी तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण ठेवा. तळ कुरकुरीत होतो, चीज पुन्हा वितळतं. व्हाइट सॉस मागवलाच असेल तर पॅनमध्ये दोन-तीन चमचे दूध घालून हलवत गरम करा. पास्ता आणि सॉस वेगळे पॅक करून देत असतील तर तसंच मागा.

तक्रार आणि बिल

पदार्थ परत करायचा असेल तर दोन-तीन घासांत करा. अर्धी प्लेट संपल्यावर कुणी ऐकत नाही. “मजा नाही आली” म्हणण्यापेक्षा “पास्ता फुटलाय”, “तळ कच्चा आहे” असं सांगितलं की मॅनेजरला वाद घालायला जागा राहत नाही. पास्ता आणि पिझ्झा दहा-पंधरा मिनिटांत नवा मिळतो. रिसोत्तोचा पैसा कमी करून घ्या, दुसऱ्याची वाट बघू नका.

बिलात सर्व्हिस चार्ज बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. हिशेब असा: २,००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग २,२०० वर ५ टक्के जीएसटी धरला तर २,३१० होतात, चार्ज काढला की २,१००. काढून द्यायला नकार मिळाला तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

पाण्याच्या बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून पिताना तसं लावायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली आहे. बसतानाच साधं पाणी मागा आणि टेबलावर ठेवलेली सीलबंद बाटली परत करा.